'सेकंड शिफ्ट' पाणी पिते

ताडपत्री काढल्यावर खाली जे सापडलं त्याची मोजणी अशी: महोगनी लाकडाची अठ्ठावीस फुटी बोट, एक. इंजिनं, दोन. पाणी मागे ढकलणारे पंखे, दोन. सुकाणूचं चाक एक, आणि त्यावर एकाच हाताने झिजवलेली जागाही एकच. लाइफजॅकेटं सहा, त्यांपैकी चारांत उंदरांची बिऱ्हाडं. कॉफीच्या डब्यात गंजके स्क्रू, दोनशे सोळा. तळाच्या फळ्यांमध्ये फटी एकोणीस. त्यांतल्या सात अशा, की आत बसून बाहेरचा बर्फ दिसावा. मागच्या फळीवर सोनेरी अक्षरांत 'सेकंड शिफ्ट' हे नाव होतं. त्यातली दोन अक्षरं गळून पडली होती, पण सेंट क्लेअर तलावाच्या या काठावर ते नाव वाचायला कुणाला अक्षरं लागत नव्हती.

मोजणी ग्लेन ड्यूल्फने केली. ग्लेन जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होता. बाटलीतल्या पाण्यात काय आहे आणि काय नाही, हे दशांश चिन्हाच्या पुढे तीन आकड्यांपर्यंत सांगायचं, याचा त्याला पगार मिळे. असा माणूस सहसा जुन्या बोटीच्या वाटेला जात नाही. त्या वाटेला जाणाऱ्या माणसांची जात वेगळी असते; ती 'बघू, होईल काहीतरी' असं म्हणतात. ग्लेनने आयुष्याच्या सेहेचाळीस वर्षांत हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं.

मार्चमधल्या त्या शनिवारी तो फक्त सासूची खोकी बांधायला आला होता. सासू आयरीन पिएट्झाक, वय एक्याऐंशी. पोलिश घरांत आजीला 'बुशा' म्हणतात, आणि आयरीन तर सगळ्या वस्तीचीच बुशा होती. तिने घर विकलं होतं आणि जूनच्या शेवटी ती थोरल्या मुलीकडे ॲरिझोनाला कायमची निघाली होती. घर घेणाऱ्याला अंगणातली बोट नको होती. अकरा वर्षांपूर्वी केझी, म्हणजे बुशाचा नवरा, गेला तेव्हापासून ती तिथेच उभी होती. म्हणून करवतवाल्याला बोलावलं होतं.

"कापून टाका," बुशा म्हणाली. "लाकूड आहे. लाकूड कापतातच."

पण हे बोलताना तिचा तळहात बोटीच्या पोटावर होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. ग्लेनने तो पाहिला, आणि त्याच्या तोंडून, त्याची परवानगी न घेता, वाक्य बाहेर पडलं:

"मी नेतो."

करवतवाल्यासकट सगळे त्याच्याकडे वळले. यामागे थोडा इतिहास आहे, पण तो एका वाक्यात संपतो. केझीने पाच उन्हाळ्यांत जावयाला बोटीवर एकच काम दिलं होतं: दोर धरून उभं राहायचं. त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला बहुधा काही बांधलेलं नसे.

"तू?" बुशा म्हणाली. "तुला पाण्यातलं कळतं रे. पाण्यावरचं नाही."

"तलावात तरंगणाऱ्या त्या लाल बोयापर्यंत एकदा तुम्हाला नेऊन आणतो, मा. तुम्ही जायच्या आधी."

"जूनच्या शेवटच्या रविवारी माझं विमान आहे."

"मग शनिवारी जाऊ."

बुशाने करवतवाल्याला कॉफी देऊन परत पाठवलं.

बोट ग्लेनच्या घरासमोर आली त्याच दुपारी समोरच्या ड्वेन लेम्केने आपली घडीची खुर्ची फुटपाथवर आणून उघडली. ड्वेन निवृत्त होता. त्याच्या स्वतःच्या तीन बोटी होऊन गेल्या होत्या आणि तिन्ही बुडाल्या होत्या. त्यामुळे वस्तीत त्याचा अनुभव सर्वांत खोल मानला जाई.

"प्रोफेसर," तो खुर्चीतूनच ओरडला, "बोटवाल्याच्या आयुष्यात दोनच सुखाचे दिवस असतात: बोट घेतो तो, आणि विकतो तो. तुझा तर पहिलाही दिसत नाहीये!"

पाठोपाठ नगरपालिकेच्या टिबेट्सबाई आल्या. बाई अतिशय सभ्य होत्या, आणि सभ्य माणसाच्या हातात मापाची टेप असली की समोरच्याला रागावताही येत नाही. नियम असा होता, की अंगणात ठेवलेली बोट घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे येता कामा नये.

"दोन फूट चार इंच पुढे आहे," बाई म्हणाल्या.

"बोट पुढे नाही," ग्लेन म्हणाला, "घर मागे बांधलंय."

"घराला छप्पन्न साली मंजुरी आहे, मिस्टर ड्यूल्फ. बोटीला नाही."

ग्लेनला मोजमापाचा आदर होता, दुसऱ्याने आपल्याविरुद्ध केलेल्या मोजमापाचासुद्धा. त्याने बोटीच्या नाकाडावर पुढे आलेली फळी सोडवली. वीस इंच वाचले. उरलेले आठ इंच त्याने ड्वेनच्या ट्रकच्या मदतीने बोट मागे रेटून मिळवले. बोटीचा मागचा भाग गॅरेजच्या दाराला अलगद टेकला. बाईंनी मोजलं, मान डोलावली, सही केली. ग्लेनला वाटलं, एखाद्या समस्येचं इतकं स्वच्छ उत्तर फार क्वचित निघतं.

संध्याकाळी त्याची बायको टेरीस स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "ग्लेन, माझी गाडी कुठे आहे?"

"गॅरेजात."

"आणि गॅरेजचं दार?"

ग्लेनने बोटीकडे पाहिलं.

"म्हणजे दाताच्या दवाखान्यात कामाला आता मी हिच्यात बसून जायचं का?"

त्या दिवसापासून ड्वेन टेरीसला रोज आपल्या ट्रकमधून दवाखान्यात सोडू लागला. या उपकाराच्या बदल्यात त्याला सल्ले देण्याचा जो हक्क मिळाला तो अमर्याद होता.

आता इंजिनं. ग्लेनने ती खोलण्याआधी प्रत्येक तारेला, नळीला, नटाला चिठ्ठी लावली: 'डावं', 'उजवं', आणि पुढे आकडा. ड्वेनने इतक्या चिठ्ठ्या एवढ्याशा जागेत यापूर्वी फक्त शाळेच्या बेक सेलमध्ये, विकायच्या केकांवर, पाहिल्या होत्या. चिठ्ठ्या लावताना ग्लेन इंजिनांच्या खड्ड्यात, तिथे एकच बसायला जागा होती म्हणून, बोटीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसला होता. ही गोष्ट त्याला तेव्हा सांगण्यासारखी वाटली नाही.

जुन्या दोन इंजिनांच्या बोटीत एक इंजिन एका दिशेला फिरतं आणि दुसरं उलट दिशेला, म्हणजे बोट एका अंगावर ओढली जात नाही. त्यामुळे ठिणगीच्या तारांचा क्रमही दोन्हींचा उलटसुलट. हे ग्लेनने वाचलं होतं आणि त्याला फार आवडलं होतं. निसर्गाच्या बाहेर इतकी छान समतोल व्यवस्था सापडणं त्याला दुर्मीळ वाटे. एप्रिलच्या अखेरीस त्याने चिठ्ठीवरचं 'डावं', 'उजवं' बघून तारा पुस्तकातल्या क्रमाने जोडल्या, बाकी सगळं चिठ्ठ्यांप्रमाणे बसवलं, इंजिनं थंड राहावीत म्हणून बागेचा पाइप लावला आणि किल्ली फिरवली.

आवाज तलावापर्यंत गेला. इंजिनाच्या तोंडातून ज्वाळेची एक जीभ आली आणि परत गेली. ड्वेन खुर्चीसकट मागे पडला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "चालू झालं!" तीन घरं पलीकडच्या कुत्र्याने पुढचे दोन दिवस ग्लेनच्या अंगणावरून जायला नकार दिला.

टेरीस धावत आली. ग्लेन जागेवर उभा होता; त्याचा चेहरा शाळेतल्या फळ्यासारखा झाला होता.

"अरे देवा! तुझी उजवी भुवई गेली!"

ग्लेनने चाचपून पाहिलं. "डावी."

"उजवी! मला दिसतेय ना!"

"तुझ्या बाजूने उजवी. माझी डावी आहे ती. तू माझ्या समोर..." आणि तो थांबला. त्याचा हात गेलेल्या भुवईवरच राहिला. "मी मागे तोंड करून बसलो होतो," तो हळूच म्हणाला.

"कधी?"

"सगळ्या वेळी."

जगातल्या खलाशांनी शेकडो वर्षांपूर्वी 'डावं-उजवं' सोडून बोटीच्या दोन अंगांना वेगळी नावं का दिली, हे ग्लेनला त्या क्षणी भुवईच्या जागी हात ठेवून समजलं. कुठल्याही विद्येची सुरुवात बहुधा अशीच कुणाच्या तरी भुवईपासून होत असावी. पण ग्लेन चुकीवर रडत बसणारा नव्हता, दुरुस्त करणारा होता. त्याने त्याच संध्याकाळी बोटीवरची एकूण एक चिठ्ठी काढली आणि डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं केलं. सरसकट. दुसऱ्या दिवशी दोन्ही इंजिनं घुमू लागली आणि टेरीसने त्याच्या भुवईच्या जागी पेन्सिलने रेघ काढून दिली. प्रयोगशाळेत ती कुणाच्या लक्षात आली नाही, किंवा आली असली तरी कुणी बोललं नाही.

मे महिन्यात फटींचा प्रश्न आला. खरं भांडण तिथे झालं.

ग्लेनने रसायन आणलं होतं. असं, की फटीत भरलं की दगड होतं. नळ्या ओळीने मांडून तो बोटीखाली निजला होता, तेवढ्यात जाड मोज्यांतले दोन पाय त्याच्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

"हे काय?" बुशाने विचारलं.

"फटी बुजवतोय, मा. एक थेंब आत येणार नाही."

"मग ती मरेल."

ग्लेन सरपटत बाहेर आला.

"लाकूड सुकलंय," बुशा म्हणाली. "पाण्यात गेलं की फुगणार. फुगायला जागा नको? पहिल्या वर्षी केझीनेही अशीच दगडासारखी भरली होती. तोही तुझ्यासारखाच शहाणा. जुलैत आतली बरगडी मोडली, बंदूक उडावी तशी. फटीत कापूस ठासायचा, वर मऊ लांबी लावायची, आणि तिला पाण्यात पट्ट्यांवर टांगून ठेवायचं. पिऊ द्यायचं. पोटभर प्यायली की आपणहून मिटते."

"पण तोवर पाणी आत येईल."

"येईलच."

"किती?"

"पुष्कळ."

'पुष्कळ' हे माप ग्लेनच्या प्रयोगशाळेत नव्हतं. त्याने फटीत एक नाणं घातलं. ते अडकलं नाही, सरळ आत पडलं आणि बोटीच्या तळावर टण्ण वाजलं. गळू नये म्हणून जी गोष्ट करायची, तिची सुरुवात तिला गळू देऊनच करायची. आणि तेही काहीही न करता, नुसतं बघत? त्याची सगळी नोकरी याच्या उलट तत्त्वावर उभी होती.

"तुला पटत नसेल तर भर तुझा दगड," बुशा म्हणाली. "आणि करवतवाल्याला फोन करून टाक. नंबर माझ्या फ्रिजवर आहे."

नळ्यांची खोकी दुकानात परत गेली. ग्लेनने तीन आठवडे कापूस ठासला. ड्वेनने खुर्चीतून विचारलं, "प्रोफेसर, बोट करतोयस की गादी?" ग्लेनने पुढच्या फटीत कापूस ठासला. रात्री त्याला स्वप्नात तो तोच दोर धरून उभा दिसे, आणि या वेळी दुसऱ्या टोकाला बोट बांधलेली असे, पाण्याखाली.

जूनमध्ये व्हर्निशचा शेवटचा हात उरला. या काठावर जूनच्या मध्यावर तलावातून माश्या उठतात. लोक त्यांना फिशफ्लाय म्हणतात; त्या चावत नाहीत, खात नाहीत, फक्त दिसेल त्याला चिकटतात आणि मरतात. दुकानदार त्यांना सकाळी फावड्याने ओढून टाकतात. ग्लेनला हे माहीत होतं. त्याने मागच्या दहा वर्षांच्या तारखांची सरासरी काढून, तिच्या चार दिवस आधीची वाराहीन संध्याकाळ निवडली. व्हर्निश आरशासारखं बसलं. ग्लेनने ब्रश धुतला आणि मागे वळून पाहिलं, तर आरसा केसाळ झाला होता. सरासरीवर माश्यांचं बंधन असतं. माश्यांवर सरासरीचं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो चिमटा घेऊन बसला होता तेव्हा बुशा आली. तिने वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली.

"राहू दे त्या. केझीच्याही व्हर्निशमध्ये होत्या. माश्या नसल्या तर लाल बोया हिला ओळखणार नाही."

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी बोट धक्क्यावर नेली. ती गॅरेजपासून हलली तेव्हा टेरीसने टाळ्या वाजवल्या, आणि त्या बोटीसाठी नव्हत्या. धक्क्यावर ड्वेन खुर्चीसह हजर होता. टिबेट्सबाईही सुट्टी काढून आल्या होत्या. बोट खरोखर जाते आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असावं. क्रेनने रुंद पट्ट्यांत बोट उचलली आणि पाण्यात टेकवली.

पाणी आत आलं. फटीफटींतून, अनेक नळ एकदम सोडावेत तसं आलं. ग्लेनने पंप चालू केला, मग दुसरा. तरी तळात बुडवलेली मापाची काठी चौदा इंच भिजली.

"प्रोफेसर," ड्वेन म्हणाला, "माझ्या तिन्ही बोटींना एवढं जमायला निदान एक उन्हाळा लागला होता."

क्रेनवाला डोकं खाजवत आला. "शनिवारी दुपारी बारापर्यंत टांगून ठेवतो. मग माझी दुसरी बोट येतेय. बाराला पंप बंद करायचे. तासाभरात दोन इंचांपेक्षा जास्त पाणी आलं तर पट्टे सोडणार नाही. उचलून काठावर ठेवीन, मग काय ते तुम्ही बघा."

काठावर ठेवणं म्हणजे करवत, हे सगळ्यांना कळलं. आणि रविवारी विमान होतं.

शुक्रवारी ग्लेनने रजा टाकली. सकाळी धक्क्यावर आला तर बुशा आधीच बसलेली, शेजारी थर्मास आणि सॉसेज भरलेल्या पावांची पिशवी. काठी नऊ इंच भिजली. अर्ध्या तासाने पुन्हा नऊ. त्याने तिसऱ्यांदा काठी उचलली तेव्हा बुशा म्हणाली, "बस खाली. तू मोजलंस म्हणून लाकूड लवकर फुगत नाही."

ग्लेन बसला. पंपांचा आवाज येत होता. बोट पट्ट्यांत मधूनच बारीक कुरकुरत होती, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखी.

"केझी इथेच बसायचा," बुशा म्हणाली. "कारखान्यात तीस वर्षं दुसरी पाळी. दुपारी जायचा, मध्यरात्री यायचा. मी पहाटे इस्पितळाच्या धोबीखान्यात. आम्ही एकमेकांना दिसायचो ते ओट्यावर झाकून ठेवलेल्या ताटासारखे. आहे एवढंच कळायचं. पण वसंतात बोट पाण्यात सोडली की तो दोन दिवस रजा घ्यायचा. मला म्हणायचा, तूही घे, एकट्याला जमणार नाही, तू मोज, मी पंप बघतो." तिने पाव त्याच्या हातात दिला. "पंपाला काय बघायचं असतं रे?"

ग्लेनने विचार करून उत्तर दिलं. "काही नाही."

"तेच. मलाही दहा वर्षांनी कळलं."

"मग काय करायचात तुम्ही?"

"बसायचो. खा तू, गार होईल."

अर्धा पाव संपल्यावर ग्लेनने विचारलं, "आणि लाल बोया? तिथे काय आहे, मा?"

"तिथे? तिथे बोया आहे."

तो पाव खात राहिला. एक भुवई खरी आणि एक पेन्सिलीची, अशा चेहऱ्याने तो पाण्याकडे पाहत होता, आणि संध्याकाळपर्यंत त्याने काठीला हात लावला नाही. त्याच्या नोकरीच्या काळात इतकं न मोजलेलं पाणी त्याच्यासमोरून कधी गेलं नव्हतं. जाताना बुशाने थर्मास त्याच्याच हाती दिला. "उद्या तू भरून आण," ती म्हणाली. पूर्वी त्याच्या हाती दोर दिला जाई. हा थर्मास मात्र भरलेला आणायचा होता.

शनिवारी बाराला पंप बंद झाले. ड्वेनही खुर्चीतून उठून काठाशी आला. एक वाजता क्रेनवाल्याने स्वतः काठी बुडवली, बाहेर काढली आणि अंगठ्याने ओली खूण दाबून धरली. एक इंच. त्याने पट्टे सोडले.

ग्लेनने बुशाला हात देऊन आत घेतलं, दोन्ही इंजिनं सुरू केली आणि गियरचे दांडे पुढे ढकलले. 'सेकंड शिफ्ट' डौलाने मागे गेली आणि धक्क्याला धाडकन् आदळली.

"पुढे, प्रोफेसर!" ड्वेन ओरडला. "तलाव पुढे आहे!"

ग्लेनने दांड्यांकडे पाहिलं. मग त्याला पंखे आठवले. पंख्यांच्या चिठ्ठ्या त्याने खड्ड्यात बसून लावल्या नव्हत्या. त्या लावताना तो बोटीच्या मागे, पुढे तोंड करून उभा होता. म्हणजे त्या बरोबर होत्या. म्हणजे त्या बरोबर होत्या, जोवर त्याने त्या दुरुस्त केल्या नव्हत्या.

"डावा पंखा उजवीकडे बसलाय, मा," तो म्हणाला. "आणि उजवा डावीकडे. पुढे टाकलं की मागे जाणार. बोट पुन्हा उचलावी लागेल."

क्रेनमध्ये दुसरी बोट केव्हाच येऊन बसली होती.

बुशाने थोडा विचार केला. "मागे टाकलं तर?"

ग्लेनने दांडे मागे ओढले. 'सेकंड शिफ्ट' धक्क्यापासून सुटली, नाक वळवून तलावाकडे निघाली, सावकाश, कारण मागच्या गियरवर तिला पळवता येत नव्हतं. मागे ड्वेन खुर्चीवर उभा राहून दोन्ही हात हलवत होता आणि टिबेट्सबाई त्याची खुर्ची धरून उभ्या होत्या.

बंधाऱ्याबाहेर पडल्यावर ग्लेन चाकापासून बाजूला झाला. "धरा."

"मी? त्याने कधी दिलं नाही मला."

"मलाही नाही."

बुशाने चाक धरलं. झिजलेल्या जागेत तिचा हात पुरता भरत नव्हता. तिने तो तिथेच ठेवला.

बोयापाशी ग्लेनने दोन्ही इंजिनं बंद केली. पाव होते, त्याने भरलेला थर्मास होता. ते बसले. व्हर्निशमधल्या माश्यांवर ऊन पडलं होतं. बोया एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला कलत राहिला.

परत धक्क्याला लागल्यावर टेरीसने दोर घेतला. दुसरं टोक बोटीला बांधलेलं होतं. बुशा उतरायला उठली आणि मध्येच थांबली.

"मोज," ती म्हणाली.

ग्लेनने तळाचं झाकण उचललं, काठी सरळ आत सोडली, बाहेर काढली आणि उजेडात धरली.

अर्धा इंच.